लुइस आणि क्लार्क यांची नोंदवही

भूगोलाच्या इतिहासांत ‘शोध’ हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. अमुक दर्यावर्द्यानें अमुक बेट शोधून काढलें, असें आपण लहानपणीं पाठ करतों. त्या बेटावर पिढ्यान् पिढ्या मासे धरून राहणाऱ्या लोकांस तें पूर्वींच सांपडलेलें होतें, हें परीक्षेंत कोणी विचारीत नसल्यामुळें आपल्या मनांतहि येत नाहीं. या शब्दाचा खरा अर्थ काय, हें तपासून पाहण्यास उत्तर अमेरिकेंतील लुइस व क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ या कालांतील सफरीइतकें सोईचें उदाहरण क्वचित् मिळेल. त्या सफरींत कोणती वनस्पति, कोणता प्राणी, कोणती वाट कोणत्या दिवशीं व कोणाकडून समजली, हें सांगणाऱ्या रोजनिशा आज छापलेल्या उपलब्ध आहेत. या प्रवाशांनीं जें ‘नवें’ म्हणून लिहून ठेवलें तें त्यांस कोणीं शिकविलें, आणि शिकविणारांचें पुढें काय झालें, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१८०३ हें वर्ष आपल्याकडे असईच्या लढाईमुळें लक्षांत राहिलें आहे. ज्या इंग्रज-फ्रेंच वैराची छाया त्या रणांगणावर पडली होती, त्याच वैरापायीं नेपोलियनला त्या वर्षीं पैशाची निकड भासली, व मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील लुइझिआना हा अफाट प्रांत त्यानें दीड कोटी डॉलरांस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस विकून टाकला. सुमारें ८,२८,००० चौरस मैलांचा हा सौदा. परंतु त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांस त्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं. अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनीं पश्चिमेकडे एक तुकडी धाडण्याची तयारी या खरेदीच्या आधींपासूनच चालविली होती. तिच्या प्रमुखपदीं त्यांनीं आपला चिटणीस मेरिवेदर लुइस यास नेमलें, व लुइसनें आपला जुना लष्करी स्नेही विल्यम क्लार्क यास जोडीस घेतलें.

जेफर्सन यांनीं २० जून १८०३ रोजीं लुइसला दिलेलें आज्ञापत्र वाचण्यासारखें आहे. पॅसिफिक महासागरापर्यंत व्यापारास सोईचा जलमार्ग पाहावा, हा त्याचा मुख्य हेतु. परंतु त्याबरोबरच वाटेंतील प्राणी, वनस्पति, खनिजें व हवामान यांची नोंद ठेवावी. तसेंच तेथील जमातींचीं नांवें, संख्या, भाषा, अन्न, वस्त्र, रोग व रीतिभाति लिहून घ्याव्यात, असेंहि त्यांत बजाविलें आहे. जे प्राणी नामशेष झाले असें समजतात त्यांपैकीं एखादा पश्चिमेच्या रानांत जिवंत असल्यास त्याचाहि तपास करावयाचा होता. ज्ञानाची ही हांव खरी होती, यांत शंका नाहीं. मात्र माणसें आणि झाडें एकाच यादींत आलीं, व ती यादी नव्या मालकाच्या सांगण्यावरून होऊं लागली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१४ मे १८०४ रोजीं तीन नावा मिसूरी नदीच्या उलट प्रवाहानें निघाल्या. उन्हाळा सरतां सरतां जंगल मागें पडलें आणि दृष्टि पोंचेल तेथपर्यंत गवताचें मैदान सुरू झालें. ७ सप्टेंबरला त्यांस जमिनींत बिळें करून वसाहतीनें राहणारा, खारीच्या जातीचा एक लहान प्राणी दिसला. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज करतो म्हणून पुढें त्यास ‘प्रेअरीचा कुत्रा’ असें नांव पडलें. त्यास जिवंत धरण्यासाठीं या शूर शिपायांनीं सारा दिवस खर्चिला, आणि पिंपेंच्या पिंपें पाणी बिळांत ओतून अखेर एक प्राणी पकडला! पुढच्या वसंतांत ७ एप्रिल १८०५ रोजीं त्यांनीं एक नाव जेफर्सनकडे परत धाडली, तींत हा प्राणी, चार मॅग्पाय पक्षी व गवतांतील एक कोंबडा असे जिवंत नमुने होते. कित्येक महिन्यांच्या त्या प्रवासांतून प्रेअरीचा कुत्रा आणि एक मॅग्पाय एवढेच वॉशिंग्टनला जिवंत पोंचले.

प्राण्यांच्या बाबतींत लुइसचा गर्व एकदां चांगलाच उतरला, ती हकीकत अस्वलाची. मिसूरीकांठच्या लोकांनीं त्यास आधींच सांगून ठेवलें होतें कीं, या मुलखांतील भुऱ्या अस्वलावर आम्ही सहा, आठ, दहा जण मिळूनच जातों, आणि निघण्यापूर्वीं युद्धास निघाल्याप्रमाणें अंगास रंग लावून विधि करतों. लुइसनें ही भीति त्यांच्या गचाळ बंदुकांच्या माथीं मारली. आपल्या उत्तम रायफलींपुढें अस्वल तें काय, असा त्याचा ग्रह होता. ५ मे १८०५ रोजीं क्लार्क व एक शिकारी यांनीं एक प्रचंड अस्वल मारलें. दहा गोळ्या शरीरांत शिरल्या, त्यांतील पांच फुप्फुसांतून गेल्या. तरी तें नदींत पोहत मधल्या वाळवंटापर्यंत गेलें व तेथें कांहीं वेळ जिवंत होतें. दुसऱ्याच दिवशीं लुइसनें लिहिलें कीं, या प्राण्याविषयींची आपल्या मंडळींची जिज्ञासा बरीचशी तृप्त झाली आहे. आठवड्याभरानें सहा कसलेल्या शिकाऱ्यांस अशाच एका अस्वलापुढून जीव घेऊन पळावें लागलें, व १४ जूनला रिकामी बंदूक हातीं असलेल्या खुद्द लुइसला नदीच्या पाण्यांत उडी घ्यावी लागली. मूळ रहिवाशांचें सांगणें शास्त्रशुद्ध निरीक्षण होतें, हें अशा रीतीनें सिद्ध झालें.

परंतु ही शिकवण खऱ्या अर्थानें सुरू झाली ती १८०४-०५ च्या हिवाळ्यांत, मंडान व हिदात्सा या लोकांच्या गांवांजवळ. मातीनें लिंपलेल्या मोठ्या वर्तुळाकार घरांचीं तीं पांच गांवें होतीं. मका, घेवडा व भोपळे पिकविणारे हे लोक कसबी शेतकरी व व्यापारी होते. डिसेंबरांत पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं ४५ अंशांवर उतरला. तुकडीनें तेथें लांकडी गढी बांधली खरी, परंतु तो हिवाळा निभावला तो मंडान बायकांनीं पिकविलेल्या मक्यावर. तुकडीचे लोहार त्यांस युद्धाच्या कुऱ्हाडी घडवून देत व मोबदल्यांत मका घेत. पुढल्या वाटेचा नकाशाहि याच गांवांत तयार झाला. कोणती नदी कोठें मिळते, मोठे धबधबे कोठें आहेत, पर्वतापलीकडे घोडे कोणाजवळ मिळतील, हें हिदात्सा योद्ध्यांनीं सांगितलें व क्लार्कनें कागदावर उतरविलें.

या मंडान लोकांशीं आणखी एक धागा जोडलेला आहे, आणि त्याचें एक टोंक मुंबईपर्यंत येतें. देवीवरील जेनरची लस १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईस पोंचली व तेथें तीन वर्षांच्या एका मुलीस ती टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील तें पहिलें यशस्वी लसीकरण. जेफर्सन हे या लसीचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांनीं लुइसला ती बरोबर नेण्यास व वाटेंतील लोकांस तिचा उपयोग शिकविण्यास सांगितलें होतें. दुर्दैवानें लुइसजवळची लस मोहीम सुरू होण्यापूर्वींच निकामी झाली. १७८१ च्या सुमारास देवीच्या साथीनें ओस पडलेलीं मंडान गांवें तुकडीनें वाटेंत स्वतः पाहिलीं होतीं, त्यामुळें या लसीची किंमत त्यांस सांगावयास नको होती. १८३२ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें मूळ रहिवाशांस लस टोचण्याचा कायदा केला, पण ती मोहीम मंडानांच्या दारापर्यंत गेली नाहीं. १८३७ मध्यें एका आगबोटीबरोबर देवीची साथ मात्र तेथवर गेली, व दीड हजारांहून अधिक मंडानांपैकीं दीडशेंच्या आंतबाहेरच जगले. ज्यांच्या मक्यावर सफर तगली त्यांचें हें असें झालें.

याच गांवांत सकागाविया ही तुकडीस मिळाली. ती जन्मानें शोशोनी. लहानपणीं हिदात्सांनीं तिला पळवून आणलें होतें, व एका फ्रेंच व्यापाऱ्यानें तिला बायको केलें होतें. ११ फेब्रुवारी १८०५ रोजीं ती प्रसूत झाली आणि दोन महिन्यांचें मूल पाठीशीं बांधून प्रवासास निघाली. तिला सर्व प्रवासाची वाटाडी ठरविणाऱ्या कथा अतिरंजित आहेत. परंतु जें तिनें निःसंशय केलें तें अधिक मोलाचें आहे. प्रवासाच्या तिसऱ्याच दिवशीं, ९ एप्रिलला, मुक्कामाच्या ठिकाणीं तिनें एक अणकुचीदार काठी घेतली, वाहून आलेल्या लांकडांच्या आसपास जमीन टोंचून पाहिली, आणि उंदरांनीं सांठविलेले खाण्याजोगे कंद बाहेर काढले. कोठें टोंचावें हें ज्ञान फिलाडेल्फियाच्या पंडितांनीं लुइसला दिलेलें नव्हतें. १४ मे रोजीं वादळानें एक नाव कलंडली, तेव्हां वाहून जाणारें सामान तिनें शांतपणें वेंचून घेतलें.

ऑगस्टमध्यें तुकडी पर्वताच्या कण्यापर्यंत पोंचली. जलमार्ग नाहीं, पुढें केवळ डोंगरामागें डोंगर आहेत, हें तेथें उमगलें. एका शोशोनी मनुष्यानें १३ ऑगस्टला लुइसला ताज्या सामन माशाचा तुकडा खावयास दिला. आपण पॅसिफिककडे वाहणाऱ्या पाण्यावर आहों, याची खात्री लुइसला त्या घासानें पटली. चार दिवसांनीं सकागाविया आपल्या लोकांत आली, आणि त्यांचा नायक कामेअवेट हा तिचा भाऊच निघाला. त्यानंतरची घोड्यांची बोलणी कशी चालली पाहा: शोशोनी भाषेंतून सकागाविया हिदात्सा भाषेंत सांगे, तिचा नवरा तेंच फ्रेंच भाषेंत, आणि तुकडींतील एक शिपाई फ्रेंचचें इंग्रजी करी. चार भाषांच्या या साखळींत एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर सफर तेथेंच संपली असती.

घोडे मिळाले, वाटाड्या मिळाला, आणि सप्टेंबरांत बिटररूट पर्वताची अकरा दिवसांची चढण सुरू झाली. बर्फ पडूं लागलें, शिकार मिळेना, घोड्यांचीं शिंगरें मारून खावीं लागलीं. २० सप्टेंबर १८०५ रोजीं क्लार्क पुढें होऊन वायपे नांवाच्या कुरणावर उतरला. तेथें नेझ पर्स लोक, जे स्वतःस निमीपू म्हणवितात, कामस नांवाचे कंद काढीत होते. भुकेनें अर्धमेल्या, परंतु उत्तम बंदुका व दारूगोळा जवळ असलेल्या या परक्यांस मारून टाकणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांच्या परंपरागत कथेप्रमाणें, पूर्वीं गोऱ्या लोकांत राहून आलेल्या वॉटकुवीस नांवाच्या एका वृद्धेनें, ‘यांनीं माझ्यावर उपकार केले आहेत, यांस अपाय करूं नका,’ अशा आशयाचें सांगून त्यांस वांचविलें. निमीपूंनीं पाहुण्यांस कंद व सुके सामन मासे पोटभर दिले, झाडाचा बुंधा आगीनें कोरून होडी कशी करावी तें दाखविलें, आणि अडतीस घोडे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांभाळण्याचें पत्करलें.

कंदमुळें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें एक तर ऋषींचे आश्रम येतात किंवा एकादशीचा फराळ. कामस हें त्या डोंगराळ प्रदेशांतील हजारों माणसांचें मुख्य अन्न होतें. जमिनींत खड्डा करून त्यांत दगड तापवावयाचे, वर ओलें गवत अंथरून कंद पसरावयाचे, पुन्हां गवत व माती घालून तो खड्डा वाफेवर शिजूं द्यावयाचा. कच्च्या कंदांतील पिष्टासारखा पदार्थ पोटास पचत नाहीं. दीर्घकाळ वाफवल्यानें त्याची फळांतल्यासारखी साखर होते, हें रसायनशास्त्र आज सांगतें. निमीपू बायका तें कृतीनें जाणत होत्या. याच कुरणांत पांढऱ्या फुलांचा एक विषारी कंदहि उगवतो. त्यास व कामसला ओळखण्याची खूण फुलांच्या रंगांत असल्यामुळें, फुलें असतांनाच विषारी रोपें ओळखून ठेवावयाचीं, ही शिस्त त्यांनीं बाणविली होती. परतीच्या प्रवासांत १८०६ च्या जूनमध्यें लुइसनें हें सर्व बारकाईनें लिहून घेतलें. निळ्या फुलांनीं भरलेलें तें कुरण त्यास दुरून स्वच्छ पाण्याच्या सरोवरासारखें दिसलें. आपल्या अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत नांवांची जी निष्ठा दिसते, तीच येथें एका लष्करी अधिकाऱ्याच्या रोजनिशींत दिसते. ‘क्वामाश’ हें नांव त्यानें मूळ रहिवाशांच्या तोंडून कानीं पडलें तसें लिहिलें, आणि स्वतःचें कांहीं नांव त्यावर चिकटविलें नाहीं.

इतका कान देऊन ऐकणारा हाच मनुष्य दुसऱ्या वेळीं बहिरा होई. प्रत्येक जमातीपुढें तो ठराविक भाषण करी: तुमचा जुना पिता गेला, आतां पूर्वेकडील नवा पिता तुमचा धनी आहे, त्याचें हें पदक घ्या. समुद्रकांठीं क्लॅटसप व चिनूक लोकांच्या शेजारीं १८०५-०६ चा पावसाळी हिवाळा काढतांना त्यानें गिधाडासारख्या प्रचंड काँडर पक्ष्याच्या डोक्याचें चित्र काढलें, तेलकट युलाकॉन मासा रेखाटला, आणि शेजाऱ्यांवर चोरटेपणाचे ताशेरेहि झाडले. निघण्याच्या वेळीं मात्र होडी विकत मिळेना, तेव्हां क्लॅटसपांची एक होडी तुकडीनेंच चोरली. (२०११ मध्यें क्लार्कच्या वंशजांनीं चिनूक लोकांस तशीच एक होडी करून दिली, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.) २७ जुलै १८०६ रोजीं टू मेडिसिन नदीकांठीं बंदुका व घोडे यांवरून झटापट होऊन ब्लॅकफूट जमातीच्या दोघांवर वार झाले, एक भोसकल्यामुळें मेला, दुसऱ्यास लुइसनें गोळी घातली. आपण कोण होतों हें कळावें, म्हणून मेलेल्याच्या गळ्यांत शांतीचें पदक त्यानें तसेंच राहूं दिलें.

२३ सप्टेंबर १८०६ रोजीं तुकडी सेंट लुइसला परतली. शिपायांस पगार व जमिनी मिळाल्या. सर्व कष्टांत बरोबरीनें वांटेकरी असलेल्या यॉर्क यास कांहीं मिळालें नाहीं, कारण तो क्लार्कचा गुलाम होता. १८०९ च्या ऑक्टोबरांत लुइसचा शोचनीय अंत झाला, आणि १८१४ त वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांतून प्राणी व वनस्पति यांचा बहुतेक भाग गळला होता. मूळ रोजनिशा समग्र छापल्या गेल्या त्या १९०४-०५ मध्यें. या शंभर वर्षांत ‘नव्या’ प्राण्यांस इतरांनीं नांवें दिलीं. वनस्पतींचे वाळवलेले नमुने फ्रेडरिक पुर्श याच्या हातीं गेले, व त्यानें १८१४ च्या आपल्या ग्रंथांत दोघां कप्तानांच्या नांवें ‘लुइसिया’ व ‘क्लार्किया’ हीं कुळें स्थापिलीं. लुइसिया म्हणजे बिटररूट. शोशोनी लोकांचें तें जुनें खाणें. कित्येक दिवस वाळून पडलेलें तिचें मूळ जमिनींत लावतांच पुन्हां जिवंत झालें, म्हणून तिला ‘रेडिव्हिवा’, म्हणजे पुनर्जीवित, असें विशेषण मिळालें. फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमींत त्या सफरींतील दोनशेंहून अधिक नमुने अद्यापि जतन केलेले आहेत.

आतां कामसच्या कुरणाकडे परत वळूं. १८६८ त फोर्ट ब्रिजर येथें शोशोनी व बॅनक जमातींशीं सरकारनें तह केला. त्यांत बॅनकांस कामस प्रेअरीचा भाग राखून द्यावयाचा होता. लेखकानें कागदावर लिहिलें ‘कॅन्सस प्रेअरी’! लुइसनें साठ वर्षांपूर्वीं जो शब्द कान देऊन टिपला होता, तो सरकारी कारकुनास ऐकूंच आला नाहीं. ती जमीन कधींच नीट राखली गेली नाहीं. वसाहतवाल्यांचीं डुकरें कुरणांत शिरून कंद उकरूं लागलीं, आणि १८७८ चें बॅनक युद्ध पेटण्याच्या कारणांत हें एक प्रमुख कारण होतें. निमीपूंची कथा याहून हृदयद्रावक आहे. १८६० मध्यें त्यांच्या मुलखांत सोनें सांपडलें, आणि १८६३ च्या तहानें त्यांची राखीव भूमि एक दशांशावर आणली. तो तह न मानणारे कांहीं शें स्त्री-पुरुष व मुलें १८७७ त देशोधडीस निघालीं. ज्या वायपे कुरणावर क्लार्कला अन्न मिळालें तेथें तीं जमलीं, व ज्या डोंगरवाटेनें तुकडी भुकेली उतरली होती तीच वाट लष्कर पाठीशीं घेऊन उलट चढूं लागलीं. सुमारें ११७० मैलांच्या पळापळीनंतर, कॅनडाची सरहद्द चाळीस मैलांवर असतांना, ५ ऑक्टोबरला त्यांस शरण जावें लागलें. खुद्द सकागावियाच्या आप्तांस १९०७ मध्यें आपलें खोरें सोडून फोर्ट हॉल येथें जावें लागलें. आणि १९५३ त मिसूरीवर धरण होऊन मंडान-हिदात्सांच्या राखीव भूमीचे सुमारें दीड लक्ष एकर बुडाले, त्या जलाशयास नांव दिलें सकाकाविया, म्हणजे तिचेंच!

यावरून रोजनिशा लिहिणें हें कपट होतें, असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल. ज्या वहीनें नव्या मालकास मुलूख दाखविला, त्याच वहींत जुन्या मालकांचे उपकारहि तारीखवार लिहिलेले आहेत. कोणत्या दिवशीं कोणीं मासा दिला, कोणीं घोडे सांभाळले, कोणतें कुरण कोणाचें होतें, याची साक्ष गोऱ्यांच्याच हस्ताक्षरांत उपलब्ध आहे, आणि त्या जमाती आज तीच साक्ष पुढें करीत आहेत. पूर्वीं पन्नास हजारांच्या घरांत असलेलीं भुरीं अस्वलें आज अलास्का वगळतां संयुक्त संस्थानांत सुमारें दोन हजारच उरलीं आहेत. युलाकॉन मासा २०१० पासून तेथील संकटग्रस्त जातींच्या यादींत आहे. उलट, युरोक जमातीच्या प्रयत्नानें २०२२ मध्यें काँडर पक्षी उत्तर कॅलिफोर्नियाच्या आकाशांत पुन्हां सोडण्यांत आले. ज्ञान जेथून आलें तेथेंच तें टिकविण्याची चिकाटीहि असते, असें यावरून दिसतें.

वनस्पतिशास्त्रांत कामसचें आजचें नांव ‘कॅमॅसिया क्वामाश’ असें आहे. त्याचे दोन्ही शब्द मूळ रहिवाशांच्या एकाच शब्दाचीं दोन रूपें आहेत. त्यांत ना लुइस आहे, ना क्लार्क. तहाच्या कागदावर जो शब्द हरवला तो शास्त्राच्या पानावर दोनदां राहिला, कारण एके काळीं एका प्रवाशानें तो बोलणाराच्या तोंडून नीट ऐकून घेतला होता. वायपेच्या कुरणांत उन्हाळ्याच्या आरंभीं तीं निळीं फुलें अजूनहि फुलतात, आणि निमीपू बायका अजूनहि तो कंद काढतात, वाफवितात व मुलांस त्याचें नांव शिकवितात.